वयानुसार पिलाटेस: किशोरवयापासून सत्तरीपर्यंत सराव कसा बदलायचा

रिफॉर्मर या स्प्रिंगांच्या यंत्राच्या सरकत्या गादीवर पाय ताणून केलेलं पिलाटेस मोबाइलवर फार सुंदर दिसतं. ते करणारी मुलगी बहुतेक वेळा पंचविशीतली असते. तिची कंबर कधी धरलेली नसते आणि बाळंतपणही झालेलं नसतं. तिचं पाहून पंचेचाळिशीतली बाई घरी सतरंजीवर तेच करायला जाते आणि चार दिवसांत मान धरून बसते. मग ‘आपल्याला हे झेपायचं नाही’ म्हणून प्रकरण मिटतं. झेपलं असतं, फक्त तिच्या शरीराच्या मापाने बेतून घ्यायला हवं होतं.

मुळात हा व्यायाम धडधाकट लोकांसाठी जन्मलाच नव्हता. जोसेफ पिलाटेस (१८८३–१९६७) हा जर्मनीतला, लहानपणी दमा आणि मुडदूस झालेला माणूस. पहिल्या महायुद्धाच्या वेळी तो इंग्लंडमध्ये होता, त्यामुळे शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याची रवानगी आयल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत झाली. तिथे अंथरुणाला खिळलेल्यांच्या खाटांना स्प्रिंगा बांधून तो त्यांच्याकडून हालचाली करवून घ्यायचा, असं सांगितलं जातं. १९२६च्या सुमारास तो न्यूयॉर्कला गेला. तिथे जोडीदार क्लारासोबत त्याने स्टुडिओ चालवला, त्यात नर्तक येऊ लागले, आणि आज जे लवचीक, देखणं रूप आपण बघतो ते बरंचसं त्या वळणाचं आहे. चटईवरचे त्याचे मूळ व्यायाम ३४. त्यांतल्या बऱ्याच व्यायामांत डोकं-खांदे उचलून किंवा पाठ पुढे गोल करून काम करावं लागतं.

वय बदलतं तेव्हा सगळ्यात आधी हेच तपासावं लागतं. पाठ गोल करायची का? पाठीवर किती वेळ पडून राहायचं? पोटावर किती भार घ्यायचा? या तीन प्रश्नांची उत्तरं विशीत एक असतात, गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात दुसरी आणि साठीत तिसरी.

आधी पाया: कुठल्याही वयात इथूनच सुरुवात

योगासनांसाठीची पातळ चटई इथे पुरत नाही, कारण मणके थेट फरशीवर टेकतात. जाड चटई नसेल तर सतरंजीवर दुहेरी घडीची चादर अंथरा. पायाला तेल लावलेलं असेल तर धुऊन या, मोजे घालून गुळगुळीत टाइल्सवर उभं राहू नका. जेवणानंतर दोन तास तरी जाऊ द्या.

१. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, पावलं खुब्यांच्या रुंदीइतकी लांब ठेवा. कंबर एकदा फरशीला चिकटवा, मग उलट थोडी कमान करा. या दोन टोकांच्या मध्ये जिथे खुब्यांची पुढची दोन हाडं आणि ओटीपोटाखालचं हाड एका पातळीत येतात, तिथे थांबा. कंबरेखाली बोटं जेमतेम सरकतील एवढी जागा राहते. ही तुमची मधली स्थिती. डोकं मागे झुकत असेल तर खाली घडी केलेला टॉवेल ठेवा.

२. आता श्वास. एक ओढणी किंवा पंचा छातीखाली बरगड्यांभोवती गुंडाळा आणि टोकं समोर फुलीसारखी धरा. नाकाने श्वास घ्या. कापड दोन्ही बाजूंना आणि पाठीकडे ताणलं गेलं पाहिजे, बरगड्या पेटीच्या भात्यासारख्या उघडल्या पाहिजेत. तोंडाने श्वास सोडताना त्या मिटतात. प्राणायामाची सवय असलेल्यांचं पोट आधी फुगतं. त्यात काही वावगं नाही, पण इथे पोटाचे स्नायू कामाला लागलेले असताना श्वास चालू ठेवायचा असतो, म्हणून तो बाजूंना वळवायचा.

३. श्वास सोडताना पेल्विक फ्लोअर, म्हणजे मूत्रमार्ग, योनीमार्ग (पुरुषांत अंडकोशामागचा भाग) आणि गुदद्वार यांना खालून आधार देणारे स्नायू, हलकेच वर उचला. लघवी आणि वायू एकाच वेळी रोखल्यासारखी ही जाणीव असते. पूर्ण ताकद लावायची नाही, तिसरा हिस्सा पुरे. त्याबरोबर ओटीपोट आपोआप किंचित आत जातं. श्वास घेताना सगळं सैल सोडा. हे सोडणं बहुतेक जणी विसरतात आणि मग दिवसभर खालचा भाग आवळून धरतात, त्याने दुखणी वाढतात. प्रत्यक्ष लघवी करताना धार थांबवून सराव करू नका.

एवढं जमेपर्यंत पुढे जायची घाई नको. एक-दोन आठवडे गेले तरी हरकत नाही.

मग हे सहा व्यायाम, आठवड्यातून तीन दिवस, वीस ते तीस मिनिटं. ओटीपोट झुलवणं: श्वास सोडत कंबर फरशीकडे, श्वास घेत मधल्या स्थितीत, आठ वेळा. ब्रिज: पावलं दाबत नितंब वर उचला. वर गेल्यावर मांडीच्या मागच्या बाजूला पेटका येत असेल तर टाचा थोड्या जवळ घ्या. आठ वेळा. टेबलटॉप: श्वास सोडत एक गुडघा उचलून खुब्याच्या बरोबर वर आणा, खाली ठेवा, मग दुसरा. प्रत्येक बाजूने सहा. क्लॅम: कुशीवर, गुडघे वाकवून, टाचा जुळवून वरचा गुडघा उघडा. कंबर मागे लवंडू देऊ नका. दहा-दहा. रांगण्याच्या स्थितीत एक पाय मागे सरळ, जमल्यास विरुद्ध हात पुढे, सहा-सहा. शेवटी पालथं झोपून तळवे खांद्यांशेजारी, छाती चार बोटं वर उचला, मान लांब ठेवा, सहा वेळा.

टेबलटॉपकडे जरा बारकाईने बघा, कारण सगळी परीक्षा तिथेच होते. एक हात बेंबीखाली ठेवा. पाय उचलण्याच्या क्षणी पोट हाताला वर ढकलतं का? कंबरेची कमान वाढते का? श्वास अडकतो का? यांपैकी एक जरी झालं तरी तो पाय आज तुमच्यासाठी जड आहे. मग पाऊल उचलू नका, फक्त टाच उचला. हे कमीपणाचं काम नाही. पोटाचे खोलवरचे स्नायू नेमके याच हलक्या कामात जागे होतात. जड कामात मान आणि मांड्याच सगळा भार उचलून नेतात.

चालू व्यायामात बोलता आलं पाहिजे. मोठ्याने आकडे मोजा, म्हणजे श्वास कोंडायला वावच राहत नाही.

शाळा-कॉलेजचं वय

इथे फार सांगायचं नाही. उंची झपाट्याने वाढत असते, स्नायू मागे पडतात, गुडघे दुखतात. अशा काळात ताणण्यापेक्षा तोल आणि ताकद बघा. नाच शिकणाऱ्या, अंग फार लवचीक असलेल्या मुलींना ‘अजून ताण, अजून ताण’ म्हणू नये. त्यांच्या सांध्यांना आवर घालायची गरज असते, म्हणून हालचाल छोटी आणि सावकाश ठेवा. एक खांदा उंच दिसत असेल, पुढे वाकल्यावर पाठीची एक बाजू वर येत असेल, तर वर्ग लावण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. आणि पोट सपाट करण्याचं आमिष या वयात कुणी दाखवू नये. या एका गोष्टीवरून मी शिक्षक बदलायला सांगेन.

विशी-तिशी: लॅपटॉपवर वाकलेली पाठ

या वयात जवळपास सगळे व्यायाम करता येतात, आणि म्हणूनच निवड चुकते. दिवसभर खुर्चीत पाठ गोल, लोकलमध्ये मोबाइलवर मान खाली, आणि संध्याकाळी पुन्हा पाठ गोल करण्याचे शंभर प्रकार. त्यापेक्षा निम्मा वेळ उलट्या दिशेने द्या: पालथं झोपून छाती उचलणं, कुशीवर झोपून वरचा हात मागे उघडत छाती फिरवणं, ब्रिज. ‘हंड्रेड’ हा प्रसिद्ध व्यायाम (डोकं-खांदे उचलून, हात खालीवर हलवत पाच आकडे श्वास आत, पाच बाहेर, असं शंभरपर्यंत) करायचाच असेल तर आधी डोकं खाली ठेवून करा. मान थरथरली की डोकं टेकवा.

कंबरेतून पायात उतरणारी कळ, मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर पुढे वाकणारे व्यायाम स्वतःच्या मनाने करू नका, आधी तपासून घ्या. पायात अचानक अशक्तपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा जांघेत बधिरपणा आला, तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून थेट रुग्णालयात जा.

पाळीच्या दिवसांत व्यायाम बंद ठेवण्याचं वैद्यकीय कारण नाही. अंगावरून जास्त जात असेल, पोट दुखत असेल तर कुशीवरचे आणि रांगण्याचे प्रकार करा, नाहीतर सरळ सुट्टी घ्या.

गरोदरपण

पहिली पायरी स्त्रीरोगतज्ज्ञाची परवानगी. गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातलेला असेल, वार (प्लॅसेंटा) खाली असेल, रक्तस्राव होत असेल, रक्तदाब वाढलेला असेल किंवा वेळेआधी कळा येण्याचा धोका असेल, तर व्यायाम डॉक्टर सांगतील तेवढाच. सगळं सुरळीत असेल तर आठवड्याला १५० मिनिटं मध्यम हालचाल गरोदरपणातही चालते, आणि त्यात पिलाटेस बसतं.

पहिल्या तीन महिन्यांत मळमळ आणि थकवाच वेळापत्रक ठरवतात. श्वास, पेल्विक फ्लोअर आणि रांगण्याच्या स्थितीतले प्रकार पुरेसे. याआधी कधीच पिलाटेस केलं नसेल तर घरी व्हिडिओ बघून सुरुवात करू नका, गरोदर बायकांना शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीकडे जा.

चौथा-पाचवा महिना लागला की दोन बदल करायचे. एक, डोकं-खांदे उचलण्याचे सगळे प्रकार बंद. पोटाच्या मधल्या रेषेवर आधीच ताण असतो, त्यात भर नको. पालथं झोपणंही इथे संपलं. दुसरं, बराच वेळ सपाट पाठीवर झोपायचं नाही. वाढलेल्या गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडून चक्कर, घाम, अस्वस्थपणा येऊ शकतो. पाठीवरचा व्यायाम हवाच असेल तर दोन-तीन उशा उतरत्या रचून पाठ वर घ्या, नाहीतर कुशीवर वळा.

मग उरतं काय? बरंच. कुशीवर झोपून क्लॅम आणि पाय उचलणं, पोटाखाली पातळ उशी घेऊन. रांगण्याच्या स्थितीत पाठ हळूच वर-खाली करणं. मनगटं दुखत असतील तर कोपर सोफ्याच्या गादीवर टेका. भिंतीला पाठ लावून अर्धं खाली बसणं, ब्रिजऐवजी हे. खुर्चीत ताठ बसून हातांचे व्यायाम, लवचीक पट्ट्याने. सांधे या काळात सैल असतात, म्हणून पाय फार फाकवू नका. ओटीपोटाखालच्या हाडात किंवा नितंबाच्या वरच्या खळीत चालताना कळ येत असेल तर एका पायावर उभं राहणं टाळा आणि दोन्ही गुडघे जुळवून कूस बदला.

उठताना झटक्यात सरळ उठू नका: कुशीवर वळा, हाताने रेटा, मग बसा. पुढचे काही महिने अंथरुणातूनही असंच उठायचं.

शेवटच्या दोन महिन्यांत पेल्विक फ्लोअर उचलण्यापेक्षा सोडायला शिका. गुडघे फाकवून उशीवर पुढे रेलायचं, श्वास खालपर्यंत जाऊ द्यायचा. प्रसूतीत कामाला येतं ते हे. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यात सकाळी सातच्या आत व्यायाम उरका, पाणी जवळ ठेवा. अंग तापू द्यायचं नाही. रक्त, पाणी जाणं, छातीत दुखणं, चक्कर, पोटरीत दुखून सूज, नियमित कळा किंवा बाळाची हालचाल कमी वाटणं, यांतलं काहीही झालं तर थांबा आणि डॉक्टरांना फोन करा.

बाळंतपणानंतर

आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला जपतात, आणि त्यात शहाणपण आहे. पण जपणं म्हणजे निव्वळ पडून राहणं नव्हे. नैसर्गिक प्रसूती सुरळीत झाली असेल तर पहिल्या काही दिवसांतच पडल्यापडल्या घोटे फिरवणं, बरगड्यांत श्वास, आणि दुखत नसेल तर पेल्विक फ्लोअरची अगदी हलकी उचल करता येते. सिझेरियन असेल तर तेच, टाक्यांवर हात ठेवून, डॉक्टरांना विचारून. पोटपट्ट्याबद्दल एकच: आधार वाटत असेल तर बांधा, पण करकचून नको. करकचून आवळलेल्या पट्ट्याने दाब खाली जातो, आणि खालचे स्नायू आधीच दमलेले असतात.

सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर वर ‘आधी पाया’मध्ये दिलेले व्यायाम पुन्हा सुरू करा. सिझेरियननंतर पोटावर भार येणाऱ्या प्रकारांसाठी आठ ते बारा आठवडे थांबणं बरं. सुरुवात करण्याआधी पोटाची मधली रेषा तपासा:

१. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा. दोन बोटं बेंबीच्या जरा वर, आडवी ठेवा.
२. श्वास सोडत फक्त डोकं उचला, खांदे नाही.
३. दोन्ही बाजूंचे स्नायू बोटांना किती लांब लागतात ते बघा. बेंबीखालीही असंच करा.

दोन बोटांपेक्षा जास्त फट असेल, बोटं आत खोल बुडत असतील किंवा मधोमध लांबट उंचवटा वर येत असेल, तर डोकं उचलण्याचे प्रकार, प्लँक (हात आणि पायाच्या बोटांवर अंग फळीसारखं सरळ धरणं) आणि दोन्ही पाय एकदम खाली सोडणं सध्या बाद. टाच सरकवणं, क्लॅम, ब्रिज, रांगण्याचे प्रकार चालू ठेवा आणि फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवा. फटीच्या रुंदीपेक्षा ती श्वास सोडताना घट्ट होते का, हे जास्त महत्त्वाचं. ‘पोट जात नाही’ म्हणून सिट-अप्सच्या (पाठीवरून उठून बसण्याच्या) मागे लागलेल्या नव्या आयांना हे आधी कुणी सांगत नाही.

अंगावरून जाणं पुन्हा लाल आणि जास्त झालं, खाली जड ओढल्यासारखं वाटलं, शिंकताना लघवी सुटली, तर कालचा व्यायाम जास्त झाला होता. एक पायरी मागे या. लघवी सुटण्याकडे ‘बाळंतपणानंतर व्हायचंच’ म्हणून दुर्लक्ष करू नका, त्यावर उपचार आहेत. बाळाला पाजून मग व्यायामाला बसा. भरलेल्या छातीने पालथं झोपवत नाही. आणि वेळच मिळत नसेल तर पाजताना खांदे कानांपासून खाली, पाठीमागे उशी, तीन श्वास बरगड्यांत. तेवढंही मोजा.

चाळिशी ते रजोनिवृत्तीनंतर

भारतातल्या बायकांची पाळी साधारण ४६–४७च्या आसपास थांबते. पुढच्या काही वर्षांत हाडांची घनता वेगाने उतरते आणि बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून या टप्प्यावर पाठ गोल करण्याचा प्रश्न सगळ्यात गंभीर होतो.

मणक्याचा पुढचा भाग ठिसूळ झालेला असताना पुढे वाकून भार दिला की तो दबून मोडू शकतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधून १९८४ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मणक्याची हाडं ठिसूळ झालेल्या ५९ बायका होत्या. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत १६ टक्के जणींचे मणके पुढे आणखी दबले, तर पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत ८९ टक्के जणींचे. अभ्यास लहान होता, पण दिशा इतकी स्पष्ट होती की जाणकार शिक्षक आजही ती पाळतात.

करायचं काय: रजोनिवृत्तीनंतर धोका असेल (आईचा खुबा मोडला होता, स्टेरॉइड घेता, पाळी लवकर गेली, किरकोळ पडण्यात मनगट मोडलं), तर डॉक्टरांना हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीबद्दल विचारा. त्यातला घनतेचा आकडा, म्हणजे टी-स्कोअर, उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर रोल-अप (पाठ गोल करत उठून बसणं), रोल-ओव्हर (पाय डोक्यामागे नेणं), चेंडूसारखं पाठीवर लोळणं, बसून पुढे वाकणं आणि जोराने कंबर पिळणं हे सगळं काढून टाका. त्यांच्या जागी पालथं झोपून छाती उचलणं, ब्रिज, रांगण्याचे प्रकार, आणि कंबर न वाकवता खुब्यातून वाकणं. हे शेवटचं घरात रोज लागतं: खालच्या कप्प्यातला डबा काढताना, बादली उचलताना. पाठीला काठी लावून शिका. डोकं, पाठ आणि माकडहाड, तिन्ही काठीला टेकलेले राहिले पाहिजेत. उणे १ ते उणे २.५च्या मध्ये असाल तर वाकण्याचे प्रकार कमी करा आणि अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली करा.

एक स्पष्ट सांगते. हाडांसाठी चटईवरचं पिलाटेस एकटं पुरत नाही. त्याला चालणं, जिना आणि आठवड्यातून दोन दिवस वजनांचा व्यायाम यांची जोड हवी. पिलाटेसच्या वर्गात कुणी ‘हाडं भरून येतील’ असं सांगत असेल तर मान डोलवा आणि डंबेल विकत घ्या.

चाळिशीत खांदा आखडणं फार दिसतं. त्या हाताने प्लँक किंवा रांगण्याच्या स्थितीत भार घेऊ नका, भिंतीवर तळवा ठेवून काम करा.

साठीनंतर

इथे ध्येय वेगळं. एसटीची पायरी चढता यावी, संडासातून आधाराशिवाय उठता यावं, आरतीला पूर्ण वेळ उभं राहता यावं. चटई हवीच असं नाही. खुर्ची, पलंग आणि स्वयंपाकाचा ओटा पुरेसे.

ओटा धरून टाचा उचलणं, दहा वेळा. ओटा धरून एका पायावर उभं राहणं, आधी दहा सेकंद, मग एकाच बोटाचा आधार. खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं: पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत खुब्यातून पुढे वाका, श्वास सोडत उठा. खुर्ची भिंतीला टेकलेली हवी, चाकांची किंवा प्लास्टिकची हलकी नको. तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी करावेत, असं जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढच्यांना सांगते.

रक्तदाब असेल तर श्वास कोंडणं पूर्ण वर्ज्य. काचबिंदू असेल तर डोकं हृदयापेक्षा खाली जाणारे प्रकार नकोत. कूस बदलताना गरगरत असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा, तोवर बसूनच करा. गुडघा किंवा खुबा बदलला असेल तर गुडघ्यावर टेकणं, पाय आडवे नेणं, खोल वाकणं याबद्दल सर्जनलाच विचारा. शस्त्रक्रियेच्या पद्धतीनुसार उत्तर बदलतं.

जमिनीवर बसायचं असेल तर उठणं आधी शिका. घरात दुसरं माणूस असताना, मजबूत खुर्ची शेजारी ठेवून: कुशीवर वळा, हातावर रेटून रांगण्याच्या स्थितीत या, दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर ठेवा, दणकट पाय पुढे टाका, श्वास सोडत उठा, वळून खुर्चीत बसा आणि अर्धं मिनिट तसेच राहा. गुडघे टेकवत नसतील तर सराव पलंगावर.

वर्ग निवडताना

पहिल्या दिवशी शिक्षकाने तुमची पाळी, प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधं, जुनी दुखणी विचारली का? नसतील विचारली तर तुम्हीच सांगा आणि ‘मग माझ्यासाठी काय बदलाल?’ असं विचारा. ‘हळू करा’ हे उत्तर नव्हे. कोणता व्यायाम काढणार आणि त्याच्या जागी कोणता देणार, ते सांगता आलं पाहिजे. प्रमाणपत्र किती तासांच्या प्रशिक्षणाचं आहे तेही विचारा. दोन दिवसांच्या शिबिरावरही प्रमाणपत्र मिळतं. रिफॉर्मरवर स्प्रिंग जितकी हलकी तितकं काम सोपं असं नसतं, काही प्रकारांत हलक्या स्प्रिंगवर गादी सांभाळणंच अवघड जातं, म्हणून पहिले काही तास एकट्याने किंवा तीन-चार जणांच्या गटात घ्या. ऑनलाइन वर्ग असेल तर कॅमेरा बाजूला आणि चटईच्या उंचीवर ठेवा, समोरून कंबरेची कमान शिक्षकाला दिसत नाही.